अटलांटाची खतावणी

१८४८ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यात नॉरवॉक नावाच्या गावी जॉन आणि होरेस बीअर्डस्ली यांचे भागीदारीतले दुकान होते. माल न्यूयॉर्कहून उधारीवर मागवायचा, हंगामात विकायचा आणि मग पैसे चुकते करायचे, हा तिथल्या आडगावच्या दुकानदारांचा शिरस्ता. बीअर्डस्लींचाही धंदा तसाच चालला होता. मग न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी एकाएकी हात आखडता घेतला. कारण शोधता शोधता त्यांना कळले की न्यूयॉर्कमधल्या एका कचेरीत जाडजूड वह्या आहेत, आणि त्यातल्या एकीत आपल्या नावापुढे एक मजकूर आहे. जॉनची बायको घटस्फोटाचा आणि पोटगीचा दावा लावण्याच्या बेतात आहे, तसे झाले तर दुकान बंद पडेल, असा तो मजकूर. खबर नॉरवॉकमधूनच गेली होती. कुणी पाठवली, ते कचेरी सांगेना.

कचेरीचे नाव होते मर्कंटाइल एजन्सी. बीअर्डस्लींनी तिच्यावर बदनामीचा दावा लावला. एजन्सीचा भागीदार बेंजामिन डग्लस याला न्यायालयाने बातमीदारांची नावे विचारली. त्याने साफ नकार दिला, न्यायालयाच्या अवमानाबद्दल तो तुरुंगात जाऊन बसला, पण नाव काही सांगितले नाही. १८५१ साली ज्युरीने बीअर्डस्लींना १०,००० डॉलर भरपाई देवविली. एजन्सी तरीही लढत राहिली आणि १८७० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. एका वाक्याचा खटला वीस वर्षांच्या आसपास चालला.

नागरिकांची माहिती खासगी कंपन्यांच्या हाती कशी गेली, हा प्रश्न आज विचारला की लोक गूगल-फेसबुकपासून सुरुवात करतात. मला ती सुरुवात फार उशिराची वाटते. बीअर्डस्ली खटल्यात सगळे काही हजर आहे: ज्याच्याविषयी लिहिले तो माणूस, ज्याने गुपचूप लिहून पाठवले तो माणूस, पैसे मोजून वाचणारा गिऱ्हाईक आणि मध्ये बसलेली कंपनी. या चौघांत ज्याचे नाव वहीत आहे त्याचाच कंपनीशी काही करार नाही.

मर्कंटाइल एजन्सी काढणारा लुईस टॅपन हा माणूस लबाड मुळीच नव्हता. तो रेशमाचा व्यापारी होता आणि गुलामगिरीचा कडवा विरोधक होता. १८३४ साली न्यूयॉर्कच्या दंगलखोर जमावाने त्याचे घर फोडले ते याच भूमिकेमुळे. आमिस्ताद जहाजावरच्या आफ्रिकी बंदिवानांच्या सुटकेसाठी जी समिती लढली तिच्यात तो पुढे होता. १८३७ च्या मंदीत त्याच्या भावाची पेढी बुडाली. शेकडो मैलांवरच्या, कधी तोंडही न पाहिलेल्या दुकानदारांना दिलेली उधारी वसूल होईना. गावोगावच्या दुकानदारांची पत कशी आहे याची खबर एका जागी गोळा करावी आणि व्यापाऱ्यांना वर्गणी घेऊन ती ऐकवावी, ही कल्पना त्या धक्क्यातून निघाली, आणि १८४१ साली एजन्सी सुरू झाली.

गावोगावचे वकील हे तिचे बातमीदार. त्यांना रोख मेहनताना क्वचितच मिळे. बदल्यात त्या गावातली थकबाकी वसुलीची कामे त्यांच्याकडे येत. इलिनॉयमधला तरुण वकील अब्राहम लिंकन हाही अशा बातमीदारांपैकी एक होता. वर्गणीदार व्यापारी कचेरीत यायचा, नाव सांगायचा, आणि कारकून वहीतला मजकूर वाचून दाखवायचा. भांडवल किती, कर्ज किती, दारू पितो का, सासरची माणसे पैसेवाली आहेत का, बायकोशी पटते का, हे सगळे त्यात येई. पुढे ही एजन्सी रॉबर्ट डन याच्या हाती गेली. त्या वह्यांचे अडीच हजारांहून जास्त खंड आज हार्वर्डच्या ग्रंथालयात आहेत आणि इतिहासाचे अभ्यासक त्यांचा फार उपयोग करतात. ज्यांची नावे त्यांत आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांना जिवंतपणी त्यातली एक ओळसुद्धा पाहायला मिळाली नव्हती.

आपल्याकडच्या वाण्याच्या उधारीच्या वहीतही नावे असतात. पण तिथे लिहिणारा आणि लिहून घेणारा समोरासमोर असतात, आकडा चुकला तर त्याच जागी वाद होतो. टॅपनच्या सचोटीने ही उणीव भरून निघाली नाही. संस्थापक कितीही सज्जन असला तरी चूक दुरुस्त होण्याची ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच आत येण्याची वाट नव्हती.

टॅपनच्या वह्यांत निदान फक्त व्यापारी होते. अटलांटाच्या वुलफर्ड बंधूंनी साध्या संसारी माणसाची फाईल उघडली. केटर वुलफर्ड हा टेनेसीतल्या चॅटनूगा गावचा किराणा दुकानदार. आपल्या गिऱ्हाइकांपैकी कोण पैसे वेळेवर देतो याची त्याने यादी केली होती आणि ती इतर दुकानदारांनाही हवी असते हे त्याच्या ध्यानात आले. १८९९ साली भाऊ गाय याच्यासह त्याने अटलांटात रिटेल क्रेडिट कंपनी काढली. दोघे भाऊ दुकानोदुकानी फिरत, गिऱ्हाइकांची नावे विचारत, आणि त्यातून पुस्तक छापून दुकानदारांना वर्षाच्या वर्गणीवर देत. प्रत्येक नावापुढे शेरा असे: हा वेळेवर देतो, हा उशिरा देतो, याच्याकडून रोखच घ्या.

दुकानदारांच्या वर्गणीत फारसे पैसे नव्हते. पैसे होते आयुर्विम्यात. ज्याची पॉलिसी उतरवायची तो माणूस व्यसनी आहे का, तब्येतीने कसा, जोखमीचा उद्योग करतो का, हे विमा कंपन्यांना हवे होते आणि प्रत्येक गावात माणूस ठेवणे त्यांना परवडत नव्हते. रिटेल क्रेडिटने ते काम उचलले. छापील फॉर्म घेऊन तपासनीस शेजाऱ्याचे दार ठोठावी, कोपऱ्यावरच्या दुकानात विचारी, आधीच्या मालकाला गाठी. नवराबायकोचे जमते का, घर नीट ठेवतात का, रात्री उशिरापर्यंत दिवा का असतो. पुढे नोकरी देणारे मालकही तेच अहवाल विकत घेऊ लागले. १९६० चे दशक संपत आले तेव्हा या एका कंपनीकडे सुमारे साडेचार कोटी माणसांच्या फायली होत्या.

अहवालाच्या करारात एक कलम ठरलेले असे. ज्याच्याविषयी अहवाल आहे त्याला तो दाखवायचा नाही, आणि तो कुणी दिला हेही सांगायचे नाही. पॉलिसी नाकारली, नोकरी हुकली, तरी माणसाला कारण कळत नसे. बीअर्डस्लींना निदान वही कुठे आहे ते सापडले होते.

याच सुमाराला संगणक आले. कॅलिफोर्नियात क्रेडिट डेटा नावाची कंपनी कर्जदारांच्या नोंदी यंत्रावर चढवू लागली. तिचाच वारसा आजच्या एक्सपेरियनकडे आला आहे. शिकागोत ट्रान्सयुनियनने १९६९ साली कुक काउंटीची पत-नोंदणी संस्था विकत घेतली, तेव्हा तिला ४०० कपाटांत भरलेली ३६ लाख कार्डे मिळाली. अटलांटाची कंपनीही आपल्या फायली संगणकावर नेण्याच्या तयारीला लागली. तोवर शेजाऱ्यांच्या गप्पा त्या त्या गावच्या शाखेच्या कपाटात पडून असत, माणूस गाव बदलून गेला की निम्म्या मागे राहत. आता त्या माणसाच्या पाठोपाठ देशभर जाणार होत्या. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक ॲलन वेस्टिन यांनी नेमके हे ओळखले आणि जाहीरपणे लिहिले. काँग्रेसमध्ये न्यू जर्सीचे कॉर्नेलियस गॅलाघर यांनी १९६८ साली सुनावण्या घेतल्या. विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी विधेयक मांडले आणि चिकाटीने पुढे रेटले. ऑक्टोबर १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली आणि फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट अस्तित्वात आला.

माझ्या मते या पावणेदोनशे वर्षांच्या कहाणीतला हा सगळ्यात महत्त्वाचा कायदा आहे, आणि त्याचे गुणदोष दोन्ही नीट पाहायला हवेत. कर्ज, विमा किंवा नोकरी अहवालामुळे नाकारली तर कोणत्या कंपनीच्या अहवालामुळे ते सांगणे बंधनकारक झाले. फाईलमध्ये काय आहे हे विचारण्याचा हक्क मिळाला. चुकीची नोंद असेल तर हरकत घेता येऊ लागली आणि कंपनीने पुन्हा तपासणी करणे भाग पडले. जुने बहुतेक डाग सात वर्षांनी काढून टाकायचे ठरले. पण फाईलची प्रत हातात देण्याची सक्ती मूळ कायद्यात नव्हती, तिचे स्वरूप आणि सारांश सांगितला की पुरे. कुणा शेजाऱ्याने काय सांगितले, ते नाव गुप्तच राहिले. द्वेषबुद्धी सिद्ध झाल्याशिवाय कंपनीवर बदनामीचा दावा चालणार नाही, अशी तजवीज केली गेली. ज्या रस्त्याने बीअर्डस्ली गेले होते तो रस्ता कायद्यानेच बंद केला आणि त्याच्या जागी एक खिडकी दिली.

ती खिडकी उघडायला सुरुवातीला किती जोर लावावा लागे, याचे उदाहरण सेंट लुईसमध्ये घडले. वॉशिंग्टनहून बदलून आलेल्या, तिथल्या एका दैनिकातल्या संपादकाची मोटारविम्याची पॉलिसी विमा कंपनी रद्द करायला निघाली. कारण होते ओ'हॅनलन रिपोर्ट्स या कंपनीचा अहवाल. हा माणूस हिप्पी वळणाचा आहे, केस आणि दाढी वाढवतो, युद्धविरोधी निदर्शकांना घरी ठेवतो, अमली पदार्थ घेत असावा, मुलांकडे लक्ष देत नाही, असे त्यात लिहिले होते. त्याने नव्या कायद्याचा आधार घेऊन फाईल मागितली तेव्हा कंपनीने त्याला तुकड्यातुकड्याने आणि अर्धवट माहिती दिली. न्यायालयात उघड झाले की तपासनीसाने त्याच्या वॉशिंग्टनमधल्या जुन्या गल्लीत जास्तीत जास्त अर्धा तास घालवला होता. चार शेजाऱ्यांशी बोललो म्हणे, पण मजकूर सगळा एकाच शेजाऱ्याच्या बोलण्यातून उतरलेला, आणि तो पडताळून पाहण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. न्यायालयाने त्या संपादकाला २,५०० डॉलर नुकसानभरपाई आणि कंपनीला अद्दल घडावी म्हणून आणखी २५,००० डॉलर देवविले. १९७६ साली अपील न्यायालयानेही ते कायम केले. हा माणूस वर्तमानपत्रातला होता, त्याला कायदा माहीत होता आणि वकील परवडत होता. गिरणीतल्या कामगाराने किंवा एकट्या राहणाऱ्या विधवेने हे कसे केले असते?

तपासनीसांना प्रतिकूल माहिती आणण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असते, हा आरोप रिटेल क्रेडिटवर त्या दशकात वारंवार झाला. सरकारच्या व्यापार आयोगाने तो औपचारिकपणे ठेवला. १९८२ साली अपील न्यायालयाने आयोगाच्या आदेशाचा तो भाग टिकू दिला नाही. मधल्या काळात, १९७५ साली, बदनाम झालेले नाव कंपनीने टाकून दिले होते. नवे नाव घेतले इक्विफॅक्स.

१९७४ साली आणखी एक कायदा झाला. नागरिकांची माहिती गोळा करताना आणि वापरताना कोणते नियम पाळायचे, हे त्याने ठरवले, पण फक्त केंद्र सरकारच्या खात्यांपुरते. निक्सनच्या वॉटरगेट प्रकरणानंतर लोकांना भीती सरकारची होती, आणि ती रास्त होती. खासगी कंपन्यांना मात्र हा कायदा लागला नाही. सरकारला जी माहिती स्वतः साठवून ठेवणे अवघड झाले, ती कंपनीकडून विकत घ्यायला अडचण नव्हती. पुढच्या तीस वर्षांत याच फटीतून एक अख्खा धंदा उभा राहिला.

त्याआधी एक विजय लोकांच्या वाट्याला आला, तो सांगायलाच हवा. १९९० साली लोटस या सॉफ्टवेअर कंपनीने इक्विफॅक्सच्या माहितीवर आधारित एक सीडी बाजारात आणायची ठरवली. बारा कोटी अमेरिकनांची नावे, पत्ते, अंदाजे उत्पन्न आणि खरेदीच्या सवयी त्यात असणार होत्या. ही बातमी पसरली तशी माणसे पत्रे लिहू लागली आणि त्या काळी नवलाईचे असलेले ईमेल पाठवू लागली. सुमारे ३०,००० लोकांनी आमचे नाव काढा म्हणून कळवले, आणि जानेवारी १९९१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी बेत सोडून दिला. लोक जिंकले कारण या वेळी माल दुकानात मांडला जाणार होता आणि सगळ्यांना दिसत होता. पुढच्या वेळी तो दिसला नाही.

१९९७ साली इक्विफॅक्सने आपला विमा-माहितीचा विभाग वेगळा काढला आणि त्याची चॉइसपॉइंट नावाची स्वतंत्र कंपनी झाली. तिने लहानमोठ्या कंपन्या विकत घ्यायचा सपाटा लावला. न्यायालयांच्या नोंदी, वाहन परवाने, मालमत्तेची कागदपत्रे, कर्जांच्या नोंदी, सगळे एका छताखाली आणले. विकत घेतलेल्यांपैकी एक होती फ्लोरिडातली डेटाबेस टेक्नॉलॉजीज. २००० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी मतदारयादीतून शिक्षा झालेल्या गुन्हेगारांची नावे वगळण्याचे काम फ्लोरिडा सरकारने याच कंपनीला दिले होते. आडनावातली ८० टक्के अक्षरे जुळली तरी नाव संशयितांत घ्या, अशी ढिली कसोटी सरकारनेच लावायला सांगितली. अशाने भलतीच माणसे यादीत येतील, हे कंपनीच्या लोकांनी बजावले होते. तसेच झाले. कधी कुठल्या गुन्ह्यात न सापडलेल्या माणसांना तुमचा मताधिकार गेला अशी पत्रे आली, आणि त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण फार मोठे होते. त्या राज्याचा निकाल ५३७ मतांनी लागला. वगळलेल्या नावांमुळेच तो तसा लागला की काय, यावर आजही वाद आहे. माणसाने आपले निरपराधित्व आपणच सिद्ध करून मत मागायचे, ही वेळ मात्र त्याच्यावर आली, याविषयी वाद नाही.

२००३ साली आणखी एक गोष्ट बाहेर आली. मेक्सिकोच्या साडेसहा कोटी मतदारांची यादी चॉइसपॉइंटने तिथल्या दलालांकडून विकत घेतली होती आणि ती अमेरिकन सरकारच्या खात्यांना वापरायला दिली होती. कोलंबियासारख्या इतर लॅटिन अमेरिकन देशांच्या नोंदीही होत्या. मेक्सिकोत संतापाची लाट उसळली, चौकशी बसली, आणि कंपनीने मेक्सिकन माहिती काढून टाकली. आपल्या देशाच्या मतदारयाद्या ज्या सहजतेने फोटोकॉपीच्या दुकानापासून प्रचारकंपन्यांपर्यंत फिरतात, ती पाहणाऱ्याने ही घटना विसरू नये.

आणि मग २००५. लहान धंदा असल्याचे भासवून काही भामट्यांनी चॉइसपॉइंटकडे रीतसर खाती उघडली होती. अर्जांत संशय यावा अशा खुणा होत्या, तरी खाती मंजूर झाली, आणि सुमारे १,६३,००० माणसांची माहिती त्यांना विकली गेली. कुणी कुलूप फोडले नव्हते. गिऱ्हाईक म्हणून आत येऊन त्यांनी माल घेतला. हे बाहेर आले तेही कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्यामुळे. तिथल्या रहिवाशांना कळवणे सक्तीचे होते म्हणून कंपनीने आधी सुमारे ३५,००० कॅलिफोर्नियावासीयांना पत्रे धाडली. बाकीच्या राज्यांत ओरड झाली तेव्हा उरलेल्यांना. पुढच्या वर्षी व्यापार आयोगाने एक कोटी डॉलर दंड आणि पीडितांसाठी आणखी ५० लाख डॉलर वसूल केले. २००८ साली कंपनी रीड एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेने विकत घेतली. नाव मिटले, माहिती नव्या मालकाकडे गेली.

आता मूळच्या घराकडे, अटलांटाला. १९७० च्या कायद्याने हरकतीची खिडकी दिली होती हे मघाशी सांगितले. संगणकाच्या युगात इक्विफॅक्सने त्या खिडकीचे संकेतस्थळ केले होते. आपल्या अहवालात चूक दिसली तर तिथे जाऊन कागदपत्रे चढवायची. त्यामागची यंत्रणा १९७० च्या दशकातली होती, तिच्यावर वेळोवेळी नवे थर चढत गेले होते. ७ मार्च २०१७ रोजी अपाचे स्ट्रट्स या तिथे वापरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर दोष असल्याचे जाहीर झाले. दुरुस्तीही त्याच दिवशी उपलब्ध होती. इक्विफॅक्समध्ये ४८ तासांत दुरुस्ती करा असा ईमेल फिरला. या एका यंत्रणेवर ती झालीच नाही. १३ मेपासून घुसखोर आत वावरू लागले. एका जागी त्यांना न झाकलेले परवलीचे शब्द सापडले आणि तिथून ते कंपनीच्या इतर ४८ साठ्यांपर्यंत पोहोचले. सुमारे ९,००० वेळा त्यांनी शोध घेतला. ७६ दिवस कुणाच्या लक्षात आले नाही, कारण बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या उपकरणाचे डिजिटल प्रमाणपत्र कितीतरी महिन्यांपूर्वीच मुदत संपून बाद झाले होते. २९ जुलैला ते नवे बसवले आणि त्याच क्षणी संशयास्पद हालचाल दिसू लागली.

साधारण १४ कोटी ७० लाख माणसांची नावे, जन्मतारखा, पत्ते आणि बहुतेकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक गेले. अमेरिकेत हा क्रमांक जन्मभराचा असतो. मध्येच, १७ ऑगस्टला, कंपनीचे प्रमुख रिचर्ड स्मिथ जॉर्जिया विद्यापीठात भाषण देत होते. वाढती फसवणूक ही आमच्यासाठी मोठी व्यवसायसंधी आहे, असे त्यांनी तिथे सांगितले. घुसखोरीची खबर त्यांना तेव्हा मिळालेली होती. जनतेला ती मिळाली ७ सप्टेंबरला. मदतीसाठी काढलेल्या संकेतस्थळाचा पत्ता कंपनीच्याच ट्विटर खात्यावरून चुकीचा दिला गेला, तोही एकदा नाही, अनेकदा. स्मिथ महिना संपायच्या आत पायउतार झाले आणि ऑक्टोबरात काँग्रेससमोर दुरुस्ती न होण्याचा दोष त्यांनी मुख्यतः एका कर्मचाऱ्यावर टाकला. त्याच सुमारास करखात्याने करदात्यांची ओळख पटवून देण्याचे ७२ लाख ५० हजार डॉलरचे कंत्राट इक्विफॅक्सलाच दिले, आणि आरडाओरडा झाल्यावर ते स्थगित केले.

हे मी अनेकदा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी राग येतो तो चोरांपेक्षा या गोष्टीचा: चोर शिरले ते नागरिकाच्या हक्कासाठी असलेल्या खिडकीतून. कर्ज देणाऱ्या बँकांसाठी, म्हणजे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी असलेल्या दारातून नव्हे.

२०१९ च्या तडजोडीत कंपनीने किमान ५७ कोटी ५० लाख आणि कमाल ७० कोटी डॉलर द्यायचे मान्य केले. पीडितांना हवे तर रोख १२५ डॉलर मिळतील, असे जाहीर झाले. पण रोख भरपाईसाठी बाजूला काढलेली रक्कम ३ कोटी १० लाख डॉलर होती आणि अर्ज इतके आले की आयोगालाच सांगावे लागले, रक्कम फार थोडी मिळेल, त्यापेक्षा खात्यावर नजर ठेवण्याची मोफत सेवा घ्या. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेने चिनी लष्करातल्या चौघांवर या चोरीचा आरोप ठेवला. चीनने तो नाकारला. इक्विफॅक्सचा धंदा चालूच राहिला, आणि तो चालू राहणारच होता, कारण ज्यांची माहिती गेली त्यांना आपली फाईल दुसऱ्या कंपनीकडे हलवण्याची सोयच नाही.

अटलांटाची ही खतावणी महाराष्ट्रापासून दूर नाही. भारतात पतविषयक माहिती ठेवायला रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या चार कंपन्या आहेत आणि इक्विफॅक्स त्यांतली एक. उरलेल्या तिघींपैकी एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क यांची मालकीही परदेशात आहे. चौथी सिबिल. ती मुंबईत २००० साली देशातल्या बँकांच्या पुढाकाराने सुरू झाली, आणि आज तिचा ९० टक्क्यांहून जास्त हिस्सा शिकागोच्या ट्रान्सयुनियनकडे आहे, म्हणजे ४०० कपाटांतली कार्डे विकत घेणाऱ्या त्याच कंपनीकडे. आपला कायदा २००५ सालचा. त्यात अहवाल पाहण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. २०१७ पासून वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. अमेरिकेला जे मिळवायला कित्येक दशके लागली त्यातले बरेच आपल्याला आयते मिळाले, हे मान्य करायला हवे.

पण विदर्भ-मराठवाड्यात सिबिल हा शब्द कसा उच्चारला जातो ते ऐका. पीककर्जासाठी बँकेत गेलेल्या शेतकऱ्याला 'तुमचं सिबिल खराब आहे' असे काउंटरवरून ऐकवले जाते. बहुतेक वेळा त्याला ठाऊकही नसते की दुष्काळाच्या वर्षी थकलेले कर्ज बँकेनेच बोलावून एकरकमी तडजोडीत मिटवले, तेव्हा त्याच्या नावापुढे तडजोड झाल्याची नोंद गेली आणि पूर्ण फेडलेल्या कर्जापेक्षा ती नोंद वाईट धरली जाते. भावाला जामीन राहिला असेल तर त्याचे थकलेले हप्तेही याच्याच अहवालात दिसतात. वुलफर्ड बंधूंच्या पुस्तकात तीन शेरे होते, ते वाचून निदान अर्थ कळत असे. इथे ३०० ते ९०० मधला एक आकडा असतो आणि तो कशाने किती घसरला हे काउंटरवरचा माणूसही सांगू शकत नाही.

मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना बजावले की पीककर्जासाठी शेतकऱ्याला सिबिल मागू नका. तसा इशारा सरकारने त्याआधीही दिला होता. मला तो योग्यच वाटतो. परंतु तो आदेश आहे बँकेला, आणि एका प्रकारच्या कर्जापुरता. नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना त्यात काही सांगितलेले नाही. उलट जानेवारी २०२५ पासून बँकांनी कर्जदारांची माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्याला चारही कंपन्यांना पाठवायची असे ठरले. खरिपाचे कर्ज सिबिल न बघता मिळाले, तरी दुष्काळाच्या वर्षातली ती नोंद जिथे होती तिथेच आहे. पुढे त्याच शेतकऱ्याने ट्रॅक्टरसाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागितले, तर पडद्यावर पहिल्यांदा तीच येते.